वारे गेलेला हात: खुर्चीत बसून करायच्या व्यायामाबद्दल थोडे

सातारा-सांगलीकडच्या गावांत लकवा झाला असे फारसे कोणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वारे एकदा गेले ते गेले, त्याला कोण काय करणार, असा एक अर्थ त्या बोलण्यात आपोआप येऊन बसतो. वस्त्यांमध्ये फिरताना अशी माणसे आपल्याला दिसतात. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, एका हातात काठी, दुसरा हात मांडीवर पडलेला, बोटे मिटलेली. आपण 'जयभीम' म्हटले की काठीचा हात वर येतो. दुसऱ्या हाताकडे तो माणूस स्वतःसुद्धा बघत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या हाताबद्दल आहे. आम्ही डॉक्टर नाही. फिजिओथेरपी करणाऱ्या मंडळींकडून जे शिकलो, जे वाचले आणि काही घरांत बसून जे पाहिले तेवढेच इथे सांगत आहोत. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हे वाचावे असे वाटण्याचे कारण साधे आहे. रुग्णाला दवाखान्यात पोहोचवायला आपण रात्री दोनलाही धावतो, रक्त देतो, बिलासाठी वर्गणी काढतो. माणूस घरी आला की आपले काम संपले असे समजतो. त्याच्या हाताचे काम मात्र तेव्हा सुरू होते.

तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीत एक काका आहेत. गवंडी. चाळीस वर्षे थापी आणि ओळंबा हातात धरलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी सकाळी दात घासताना उजवी बाजू गेली, बोलणे अडखळले. दवाखान्यात आठवडाभर काढून घरी आले. दोन महिन्यांत काठी घेऊन चालू लागले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. 'काका बरे झाले.' पण ज्या हातावर घर चालत होते तो हात तसाच होता. आम्ही विचारले, हाताचा व्यायाम घेतला का? काकू म्हणाल्या, "मालिश करतो की रोज. आणि बॉल आणलाय दाबायला." बॉल काकांच्या मुठीत होता. मूठ उघडत नव्हती, त्यामुळे तो पडतही नव्हता.

पाय आधी येतो आणि हात मागे राहतो, हे पुष्कळ घरांत दिसते. त्यात माणसाचा आळस किंवा नशीब काही नाही. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी मधल्या मोठ्या धमनीत अडथळा येणे हा लकव्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. हात आणि चेहरा हलवणारा भाग मुख्यतः याच धमनीवर जगतो, पायाचा भाग दुसऱ्या धमनीवर. म्हणून बऱ्याचदा मार हातालाच जास्त बसतो. शिवाय संडासला जायचे, दारापर्यंत यायचे, यासाठी पाय दिवसातून दहा वेळा वापरावाच लागतो. हाताचे तसे नाही. एक हात चालत असला की जेवण होते, चहा होतो, मोबाईल होतो. दुसऱ्याची गरजच पडत नाही. वापर थांबला की मेंदू त्या हाताला विसरत जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याचा पुष्कळ अभ्यास केला. हात थोडा हलू शकत असतानाही माणूस तो न वापरायला 'शिकतो', हे त्यांचे म्हणणे आज जगभर मानले जाते.

हाताचे हाड मोडलेले नसते, स्नायूही मेलेले नसतात. वरून येणारा निरोप तुटलेला असतो. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण त्याच्या आजूबाजूचा जिवंत भाग तेच काम नव्याने शिकू शकतो. शिकण्याची वाट एकच, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, लक्ष देऊन आणि काहीतरी कामाची म्हणून. पाटीवर 'अ' गिरवणाऱ्या मुलाला आपण दहा वेळा गिरवायला लावून सोडत नाही. इथे तर त्याहून कितीतरी जास्त लागते. २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या काही उपचार केंद्रांत नुसते बसून मोजले गेले, की एका सत्रात रुग्णाचा हात उपयोगाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी निघाली ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू बदलतो हे कळले, त्यांत रोज शेकड्यांनी हालचाली होत होत्या. श्रीमंत देशांतल्या दवाखान्यात ही गत, तर म्हसवड किंवा जतच्या पलीकडच्या वाडीतून महिन्यातून एकदा फिजिओकडे जाणाऱ्याचे काय होणार? उरलेले एकोणतीस दिवस घरातल्या खुर्चीवरच काढायचे आहेत. म्हणून ती खुर्ची महत्त्वाची.

व्यायाम म्हटले की आपल्याकडे लगेच तालीम, जोर-बैठका आठवतात. नाहीतर सूर्यनमस्कार, ज्यांचा प्रचार सातारा जिल्ह्यातल्याच औंधच्या राजांनी केला. घाम निघाला नाही तर तो व्यायामच नव्हे, अशी समजूत. लकव्याच्या हाताला यातले काही नको. त्याला हळू, छोटे, पुन्हा पुन्हा आणि दुखू न देता केलेले हवे.

सुरुवात कधी करायची हे डॉक्टर सांगतील. रक्तदाब स्थिर झालेला असावा, रुग्ण आधाराशिवाय किंवा थोड्या आधाराने बसू शकत असावा. पहिल्याच दिवशी उत्साहाने उठवून बसवू नये. साधारण पहिले तीन ते सहा महिने सुधारणा वेगाने होते. त्यानंतर वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही. 'आता सहा महिने झाले, आता काय उपयोग' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग येतो.

आता खुर्ची. चाके नसलेली, पाठ सरळ असलेली, फार खोल नसलेली. प्लास्टिकची चालेल, पण पाय वाकलेले नसावेत आणि खाली फरशी ओली नसावी. बसताना कंबर मागे पाठीला टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. आपल्याकडे मांडी घालून बसायची सवय, आणि 'विहारात खाली बसता येत नाही' म्हणून अशी माणसे वंदनेला यायचीच बंद होतात. त्यांना खुर्ची द्यावी, यात काही कमीपणा नाही. समोर कमरेच्या थोडे वर येईल असे टेबल हवे. टेबल नसेल तर शिलाई मशीनचा पाट चालतो, भक्कम पेटीवर फळी ठेवली तरी चालते.

व्यायामाच्या आधी खांद्याबद्दल बोलले पाहिजे, कारण इथे प्रेमापोटी सर्वांत जास्त नुकसान होते. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनाने तो खाली ओघळतो. अशा वेळी रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढले, की आतले पडदे ताणतात आणि खांदा दुखायला लागतो. दुखरा खांदा म्हणजे व्यायाम बंद, झोप बंद, चिडचिड सुरू. म्हणून उठवताना कमरेला किंवा पाठीमागून धरावे. बसल्यावर हात लोंबकळत ठेवू नये, खाली उशी घ्यावी, टेबलावर ठेवावा. सदरा घालताना आधी अधू हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, चांगला आधी. ही एवढीशी गोष्ट घरात कोणालाच कोणी सांगितलेली नसते.

आणि ती कप्पी. आढ्याला कप्पी टांगून, दोरीने चांगल्या हाताने अधू हात वर खेचायचा, हा प्रकार कितीतरी घरांत दिसतो. लकव्याच्या सैल खांद्यासाठी तो धोक्याचा आहे. डोक्याच्या वर जोराने हात नेल्याने खांद्याचे दुखणे वाढते, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. कोणी फिजिओने स्वतः तपासून सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कप्पी उतरवून विहिरीला लावा.

बॉलचेही थोडे असेच. लकव्यानंतर काही आठवड्यांनी बऱ्याच जणांची बोटे आतल्या बाजूला आवळायला लागतात. मूठ मिटायला ताकद असते, उघडायला नसते. अशा हाताला दिवसभर बॉल दाबायला लावणे म्हणजे मिटलेले दार आणखी ओढून घेणे. त्याला उघडायला शिकवायचे आहे. काकांचा बॉल आम्ही नातवाला खेळायला दिला.

बसल्यावर पहिल्यांदा काही न करता दोन्ही खांद्यांकडे लक्ष द्यायचे. एक बहुतेक खाली गेलेला असतो. दोन्ही खांदे हळूच कानांकडे उचलायचे, सोडायचे. मग मागे घ्यायचे, जणू पाठीच्या दोन फऱ्यांमध्ये काहीतरी धरायचे आहे. दहा वेळा. हे सगळे करताना श्वास रोखायचा नाही. माणूस जोर लावताना नकळत श्वास धरतो आणि रक्तदाब वर जातो. यावर एक सोपा उपाय आम्हाला एका बाईंनी शिकवला, तोंडाने मोठ्याने आकडे मोजायचे. मोजणारा श्वास कोंडू शकत नाही. ज्यांची वाचा अडखळते त्यांचा बोलण्याचाही सराव होतो. काका सुरुवातीला चारनंतर सात म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मग टेबलावरचा फडका. सुती फडका पसरून त्यावर दोन्ही तळहात ठेवायचे. अधू हात खाली, चांगला त्याच्यावर, किंवा शेजारी शेजारी. ओटा पुसतो तसे हळूहळू पुढे ढकलायचे, कमरेतून पुढे वाकायचे, मग मागे यायचे. हाताचे वजन टेबल घेते, म्हणून ज्याचा हात हवेत उचलला जात नाही त्यालाही हे जमते. पुढे-मागे झाले की उजवीकडे-डावीकडे. मग गोल, जात्यावर दळताना खुंटा फिरतो तसा. आमच्या मावश्यांना 'शोल्डर' आणि 'एल्बो' सांगून काही कळत नाही, पण 'जातं फिरवा' म्हटले की हात बरोबर वळतो. काकांना आम्ही जात्याबद्दल सांगितले नाही. त्यांच्या पुतण्याने कोपऱ्यातला प्लास्टर घासायचा लाकडी रंधा आणून दिला. फडक्याखाली रंधा, वर दोन हात. भिंत घासतो तसे टेबल घासायला त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्यांदाच मनापासून केली. मेंदूला ओळखीचे काम दिले की तो लवकर हजर होतो, असे फिजिओही सांगतात. ज्याचे जे काम होते त्यातून व्यायाम काढावा. शिंप्याला कापड सरकवायला द्या, मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला भोपळ्यावर हात फिरवू द्या.

कोपर टेबलावर टेकवून हात वाकवायचा, सरळ करायचा. सरळ करणे जास्त अवघड, त्यालाच जास्त वेळ द्यायचा. मग तळहात वर, तळहात खाली, ओंजळीत पाणी घेतो आणि सोडतो तसे. मग मनगट टेबलाच्या कडेबाहेर काढून पंजा वर उचलायचा. उचलला जात नसेल तर दुसऱ्या हाताने उचलून द्यायचा, पण उचलताना अधू हातालाही मनातून सांगायचे, 'उचल'. नुसते दुसऱ्याने हलवलेल्या हाताने सांधा आखडत नाही एवढाच फायदा. स्वतः प्रयत्न केला तर मेंदूला काम मिळते. दोन्हींत फरक आहे, आणि मालिशवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. हलक्या हाताने तेल लावले तर बरे वाटते, वाईट काही नाही. पण मालिश करणाऱ्याचाच व्यायाम होतो.

दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून, अधू हाताचा अंगठा वर ठेवून, हात छातीपर्यंत पुढे न्यायचे. फक्त छातीच्या उंचीपर्यंत. दुखले की त्या अलीकडे थांबायचे. 'दुखल्याशिवाय सुधारत नाही' हा तालमीतला नियम इथे चालत नाही.

बोटांचे काम शेवटी येते आणि त्यालाच सर्वांत जास्त धीर लागतो. हातात वाटी धरणे नंतर, आधी वाटी सोडणे. काकू सांगलीच्या बाजारातली हळकुंडे एका ताटलीत ठेवत. हळकुंड आकाराने बोटांना बरोबर बसते, घरंगळत नाही, फार बारीकही नाही. एका ताटलीतून उचलून दुसऱ्या ताटलीत. नंतर भुईमुगाच्या शेंगा. नंतर नाणी. शाळूच्या दाण्यापर्यंत पोहोचलेले आम्ही एकच उदाहरण पाहिले, कोरेगावच्या एका शिक्षिकेचे, आणि त्यांचा झटका मुळातच सौम्य होता.

ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी आरसा आहे. दाढीचा साधा आरसा टेबलावर दोन हातांच्या मध्ये उभा करायचा, चांगला हात आरशासमोर आणि अधू हात आरशामागे झाकलेला. आरशात बघत चांगल्या हाताची मूठ उघडमीट करायची. बघणाऱ्याला दिसते की अधू हातच हलतो आहे. हात तुटलेल्या माणसांना नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनांसाठी हा आरसा मूळ चेन्नईचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात वापरला. लकव्याच्या हातासाठी त्याचा पहिला छोटा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या अभ्यासांतूनही काही प्रमाणात फायदा दिसला. पन्नास-शंभर रुपयांचा आरसा आणि रोजची पंधरा-वीस मिनिटे. चमत्कार नाही, पण मोकळ्या बसण्यापेक्षा कितीतरी बरे. काहींना आरशात बघून गरगरते, त्यांनी सोडून द्यावे. उलट ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उघडतात, त्यांचा चांगला हात काही तास बांधून अधू हातालाच काम करायला लावण्याची टॉब यांची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण घरच्या घरी, विचारल्याशिवाय करू नका. तोल गेला तर सावरायला हात मोकळा हवा.

किती करायचे? थकवा हा लकव्याचा भागच आहे, ढोंग नाही. म्हणून एकदम तासभर नको. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी असाच, साध्या वस्तू घेऊन रुग्णाने स्वतः करायचा हाताच्या व्यायामाचा कार्यक्रम तयार केला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. दिवसाला साधारण एक तास, आठवड्यातून सहा दिवस, चार आठवडे. ज्यांनी तो केला त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला. यंत्र काही नव्हते. वही होती, थोडे साहित्य होते आणि जमेल तिथे घरच्यांची मदत होती.

हे वाचून 'घरच्यांना शिकवले की झाले' असे वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णालयात असतानाच घरच्या माणसाला व्यायाम आणि काळजी शिकवायची आणि घरी पाठवायचे, अशी कल्पना होती. सहा महिन्यांनी पाहिले तर नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडलेला नव्हता. आम्हाला हे वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. ज्या बाईला पहाटे पाचला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, आठला द्राक्षबागेत हजर व्हायचे, तिच्या हातात चार दिवसांचे प्रशिक्षण आणि एक कागद दिला तर ती किती दिवस पुरणार? व्यायाम फुकट जातो असा अर्थ आम्ही यातून काढत नाही. सगळे एका माणसावर, आणि बहुतेक वेळा एका बाईवर, टाकले तर पुरेसा व्यायाम होतच नाही, असा काढतो. आमचे हे वाचन चुकीचेही असेल.

इथे गावातली पोरे उपयोगी पडू शकतात. काकांच्या वस्तीत तिघांनी वार वाटून घेतले. संध्याकाळी क्लासवरून आल्यावर वीस मिनिटे. व्यायाम घ्यायला नाही, समोर बसून मोजायला. एक शंभर पानी वही, तिच्यात तारीख आणि आकडा: फडका पुढे-मागे ४०, जाते २०, हळकुंडे ६. आकडा वाढताना दिसला की माणूस टिकतो. आणि कोणीतरी समोर बसले आहे एवढ्यानेही टिकतो. लकव्यानंतर पुष्कळांना नैराश्य येते, काहींना कारण नसताना रडू कोसळते, काही जण चिडतात. तेही मेंदूच्या इजेचेच लक्षण असते, डॉक्टरांना सांगावे. ज्याची वाचा गेली आहे तो बहिरा झालेला नसतो, त्याच्याशी ओरडून बोलू नये. डाव्या बाजूचा लकवा झालेली काही माणसे डावीकडच्या जगाकडेच दुर्लक्ष करतात, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलावे.

आपल्यापैकी जे विपश्यनेला किंवा आनापानाला बसतात त्यांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. सतिपट्ठान सुत्तात चालणे-बसण्याबरोबर अंग आखडतानाची आणि पसरतानाची जागरूकताही सांगितली आहे. हात पुढे जातो आहे हे जाणून हात पुढे नेणे. फिजिओथेरपिस्टही तेच सांगतात, टीव्ही बंद करा आणि हाताकडे बघा. पण यापुढे जाऊन कोणी 'ध्यानाने लकवा बरा होतो' असे सांगू लागले तर ते ऐकू नका. आपल्या लोकांतही असे सांगणारे आहेत. पारव्याचे रक्त चोळणारे, अमुक गावचा पाला देणारे, दोरा बांधणारे आणि हे, आमच्या लेखी सगळे एकाच रांगेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला. त्या जिल्ह्यांत तरी आपण हे ओळखायला हवे. पाल्यापेक्षा मोठे नुकसान पाल्यासाठी घालवलेल्या दिवसांचे होते. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की १०८ ला फोन. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. त्यामुळे जिथे सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात न्यायचे. झटका किती वाजता आला ते घड्याळ बघून लक्षात ठेवायचे.

घरचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी एकदा तरी फिजिओथेरपिस्टने हात तपासलेला असावा. खांदा किती ओघळला आहे, आखडलेपण किती आहे, हे आपल्याला कळत नाही. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय महाविद्यालय, कराडचे कृष्णा रुग्णालय आणि तिथले फिजिओथेरपी महाविद्यालय ही आपल्या भागातली मोठी ठिकाणे. मिरज तर वॉन्लेस हॉस्पिटलच्या काळापासून, म्हणजे १८९४ पासून, दवाखान्यांचेच गाव. जाताना व्यायामाची वही न्या. तपासणाऱ्यालाही त्यावरून पुढचे सांगता येते. जमले तर मोबाईलवर व्यायामाचे चित्रीकरण करून घ्या, कागदावरची चित्रे घरी आल्यावर कोणाला कळत नाहीत. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरले तर प्रमाणपत्र मिळते आणि एसटीच्या सवलतीपासून पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून असतात. तो अर्ज ऑनलाइन भरून देणे हे काम तर आपल्या पोरांना डोळे मिटून जमेल.

व्यायाम सुरू झाला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे वेगळे लिहावे लागते, कारण 'आता हात हलतोय' म्हणून रक्तदाबाची गोळी सोडलेला माणूस आम्ही पाहिला आहे. दुसरा झटका पहिल्याची सगळी मेहनत एका सकाळी पुसून टाकतो. तंबाखू आणि मिसरी सुटली पाहिजे. मिसरी लावणाऱ्या बायका ते व्यसन धरतच नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारतही नाही. साखर असेल तर तपासणी चुकवायची नाही. व्यायाम करताना छातीत दुखले, गरगरले, एकदम डोके दुखले किंवा बोलणे आधीपेक्षा अडखळले, तर थांबायचे आणि थेट दवाखाना. अधू हाताला बधिरपणा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. कातडी भाजते आणि कळत नाही.

काकांची वही आता तिसरी चालू आहे. हात खांद्यातून पुढे येतो, कोपर सरळ होते, बोटे अर्धी उघडतात. थापी धरता येत नाही, आणि फिजिओनी ती आशा धरायला सांगितलेली नाही. कामावर मोठा पुतण्या जातो, काका साइटवर खुर्ची टाकून बसतात आणि ओळंबा चुकला की ओरडतात. गेल्या महिन्यात निराधार योजनेच्या कागदावर सही करायची होती. सही त्यांनी डाव्या हाताने केली, वर्षभरापूर्वी शिकलेली, वाकडीतिकडी. कागद वाऱ्याने उडत होता. कोणी सांगायच्या आत उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला आणि कागद दाबून बसला.